डिस्प्लेवरचं ॲव्हरेज किती खरं? हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड चालवणाऱ्या नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएच-१५ पासिंगच्या हायब्रिड गाड्या आता कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत सगळीकडे दिसतात. त्यातल्या बहुतेक स्ट्राँग हायब्रिड आहेत, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत मोटर आणि बॅटरी असलेल्या, पण बाहेरून चार्ज न होणाऱ्या: हायराइडर, ग्रँड विटारा, हायक्रॉस, सिटी ई-एचईव्ही वगैरे. घरच्या प्लगला लावून चार्ज होणाऱ्या प्लग-इन हायब्रिड मोजक्याच, आणि त्याही महागड्या. डिस्प्लेबद्दल शंका मात्र दोन्हीकडच्या लोकांना असतात. उत्तरं सारखी नाहीत, म्हणून फरक असेल तिथे तो सांगितला आहे.

माझी प्लग-इन ५६ चं ॲव्हरेज दाखवते. एवढी मोठी गाडी ५६ देईल का?

पेट्रोलचा हिशोब म्हणून आकडा बरोबर असू शकतो. खर्चाचा हिशोब म्हणून त्याला काही अर्थ नाही.

समजा, चार दिवसांत १०० किलोमीटर झाले. त्यातले ७५ बॅटरीवर आणि २५ पेट्रोलवर. इंजिन चालू असताना गाडी लिटरला १४ देते, म्हणजे पेट्रोल जळलं १.७९ लिटर. डिस्प्ले १०० ला १.७९ ने भागतो आणि ५६ दाखवतो. अंतर सगळं धरलं, इंधन मात्र दोनपैकी एकच धरलं. महिनाभर घरी जेवून अधूनमधून हॉटेलात जायचं आणि हॉटेलच्या बिलाला महिन्याच्या सगळ्या जेवणांनी भागून ‘एक जेवण वीस रुपयांत पडतं’ म्हणायचं, तसला हा प्रकार.

आता रुपयांत बघा. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि वीज १२ रुपये युनिट धरू. तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर घ्या, कारण गाडीची युनिटं त्याच स्लॅबमध्ये जाऊन पडतात. बॅटरीवरच्या ७५ किलोमीटरला भिंतीच्या सॉकेटमधून साधारण १८-१९ युनिटं लागली, म्हणजे सव्वादोनशे रुपये. पेट्रोलचे १८८. एकूण ४१३ रुपये, म्हणजे किलोमीटरला ४ रुपये १३ पैसे. डिस्प्लेवरच्या ५६ वरून हिशोब केलात तर येतात १ रुपया ८८ पैसे. फरक दुपटीहून जास्त, आणि तरीही डिस्प्लेने एकही थेंब चुकीचा मोजलेला नाही.

मग हा आकडा दर आठवड्याला एवढा का उड्या मारतो?

किलोमीटर भागिले लिटर हे मापच तसं आहे. खाली लिटर जसजसे शून्याकडे जातात तसतसा वरचा आकडा फुगतो. तीच गाडी, तोच ड्रायव्हर: चार्ज केलीच नाही तर १४, निम्मं अंतर बॅटरीवर गेलं तर २८, पाऊण अंतर गेलं तर ५६, आणि १०० पैकी ९० किलोमीटर बॅटरीवर गेले तर थेट १४०. पेट्रोलची बचत प्रत्येक पायरीला कमी कमी होत जाते आणि आकडा मात्र दुप्पट-अडीचपट होतो. काही गाड्यांत तो ९९.९ ला अडकतो. तिथे तुम्ही जिंकलेलं काही नसतं, चौकटीत पुढचा अंक मावत नाही एवढंच.

सेटिंगमध्ये जाऊन एकक बदलता येत असेल तर ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ हे लावा. युरोपात तेच चालतं. वरच्याच चार पायऱ्या तिथे ७.१, ३.६, १.८ आणि ०.७ अशा दिसतात. आपल्याला ‘किती देते’ विचारायची सवय असल्यामुळे सुरुवातीला उलटं वाटतं, पण आठवड्याभरात डोळा सरावतो.

आमची स्ट्राँग हायब्रिड आहे, प्लग नाही. आमचंही असंच खोटं ॲव्हरेज का?

नाही. तुमच्या गाडीत बाहेरून वीज येतच नाही. बॅटरीत जे काही आहे ते पेट्रोलनेच भरलेलं असतं, थेट इंजिनाने किंवा ब्रेक लावताना परत मिळालेलं. हायराइडर-विटाराची बॅटरी जेमतेम ०.७६ युनिटाची आहे. ती पूर्ण भरलेली असो की रिकामी, टाकीभर पेट्रोलच्या हिशोबात तिचा फरक नगण्य. त्यामुळे स्ट्राँग हायब्रिडवाल्यांनी एवढंच बघायचं की डिस्प्ले पेट्रोल आणि अंतर नीट मोजतोय का. प्लग-इनवाल्यांनी ते बघायचंच, शिवाय मुळात भागाकार कशाला कशाने चाललाय तेही बघायचं.

गाडी पेट्रोल मोजते तरी कशी? टाकीत मीटर असतो ना?

टाकीतला फ्लोट काटा दाखवण्यापुरता. ॲव्हरेजचा हिशोब त्यावर चालत नाही, तो फार ढोबळ आहे. इंजिनाचा कॉम्प्युटर प्रत्येक इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवला ते जाणतो. अमुक दाबाला तमुक वेळात इतकं पेट्रोल जातं, हा तक्ता त्याच्या पोटात असतो. ते सगळे फवारे जोडत जायचे आणि चाकांच्या सेन्सरवरून आलेल्या अंतराला त्याने भागायचं. म्हणजे तो पेट्रोल मोजत नाही, त्याचा अंदाज बांधतो. अंदाज चांगलाच असतो, पण इंजेक्टर जुना झाला, थोडा चोंदला, दाबाच्या सेन्सरने किंचित इकडेतिकडे केलं की तक्ता आणि वास्तव यांत अंतर पडतं.

चूक साधारण किती असते?

पाच टक्क्यांच्या आत असेल तर समाधान मानावं. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संस्थेने २०२० मध्ये प्रयोगशाळेत गाड्या रोलरवर चालवून डिस्प्ले तपासले. सरासरी फरक २.३ टक्के निघाला, पण एकेका गाडीत तो सहा टक्क्यांपर्यंत गेला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक नव्या मोटारीत इंधनाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि तिला उणे-अधिक ५ टक्क्यांची मर्यादा घालून दिली आहे.

डिस्प्ले बहुधा गोड बोलण्याकडे झुकतो हा सगळ्यांचा अनुभव. २२ दाखवत असेल तर पंपावर २१ निघतात. कंपनीने मुद्दाम केलं की नाही या वादात मला रस नाही. गाडी दर वेळी तेवढीच फुगवून सांगत असेल तर तिचा आकडा तुलनेला उत्तम चालतो. या महिन्याचं ॲव्हरेज गेल्या महिन्यापेक्षा घसरलं का, हे कळायला घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं तरी बिघडत नाही.

टाकी फुल्ल करून हिशोब काढायची बरोबर पद्धत कोणती?

पद्धत सगळ्यांना माहीत असते, घोळ होतो तो शेवटच्या अर्ध्या लिटरात. नोझल पहिल्यांदा ‘टक्’ करून बंद पडतो तिथे थांबायचं. पण तेवढ्यात पंपावरचा मुलगा विचारतो, ‘साहेब, राउंड फिगर करू?’ आणि आपण मान हलवतो. २,९४३ चे ३,००० होईपर्यंत अर्धा लिटर आणखी आत गेलेलं असतं, कधी गळ्यापर्यंत. पुढच्या वेळी दुसऱ्या पंपावर, दुसऱ्या नोझलला, गाडी थोडी तिरकी उभी असताना कट-ऑफ लवकर होतो. झाला हिशोब बाद. यूपीआयच्या जमान्यात राउंड फिगर कशाला लागते, हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा पंप तोच, शक्यतो नोझल तोच, पहिल्या कट-ऑफला थांबायचं आणि ओडोमीटरचा फोटो काढायचा. एका भरणीवर निष्कर्ष काढायचा नाही. ३० लिटरच्या भरणीत अर्ध्या लिटरची गफलत म्हणजे पावणेदोन टक्के. लागोपाठ पाच भरण्यांची बेरीज घेतली तर १५० लिटरला तोच अर्धा लिटर, म्हणजे पाव-अर्धा टक्का. मधल्या भरण्या थोड्या कमीजास्त झाल्या तरी हरकत नाही, पहिली आणि शेवटची तेवढी सारखी हवी.

प्लग-इनवाल्यांची इथे वेगळी पंचाईत होते. दोन महिन्यांत सहाच लिटर जळलं आणि उत्सुकतेपोटी टाकी भरून पाहिली, तर अर्ध्या लिटरची गफलत आठ टक्के होऊन बसते. टाकी अर्ध्याहून खाली जाईपर्यंत धीर धरा.

पंपच कमी देत असेल तर?

वैधमापनाच्या नियमात पंपाला अर्धा टक्का सूट आहे, म्हणजे पाच लिटरला २५ मिलिलिटर. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. संशय असेल तर मागा, त्यात भांडण करण्यासारखं काही नाही. मात्र डिस्प्ले २२ आणि हिशोब १८ येत असेल तर सगळा दोष पंपावर टाकण्याआधी वरचं राउंड फिगर प्रकरण आठवा.

डिस्प्ले आणि वहीचा हिशोब तंतोतंत जुळला. म्हणजे आकडा पक्का ना?

लिटर पक्के झाले, किलोमीटर नाहीत. वहीत तुम्ही किलोमीटर ओडोमीटरवरूनच लिहिलेत आणि डिस्प्लेनेही त्याच चाकांकडून घेतले. चाकंच जास्त सांगत असतील तर दोघं मिळून चुकतील, आणि एकमेकांना दुजोराही देतील.

उदाहरणार्थ २१५/६० आर १७ हा टायर. नवा असताना व्यास साधारण ६९० मिलिमीटर. नक्षी झिजून कायद्याच्या १.६ मिलिमीटरच्या हद्दीला आली की व्यास १२-१३ मिलिमीटरने घटतो. चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं, ओडोमीटर पावणेदोन टक्के जास्त अंतर सांगतो, ॲव्हरेजही तेवढंच वाढतं. नवे टायर टाकल्यावर ‘गाडीचं ॲव्हरेज पडलं’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींचं उत्तर इतकं साधं असतं. टायरवाल्याने एक साइज मोठा बसवला असेल तर फरक आणखी वाढतो.

अंतर तपासायला हायवेवरचे किलोमीटरचे दगड किंवा फलक सोयीचे. वीसेक किलोमीटरचा सलग पट्टा घ्या, मध्ये कुठे वळू नका. मोबाइलच्या जीपीएसवरही चालतं, फक्त समृद्धीवर इगतपुरीच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून ही तपासणी करू नका. आत सिग्नल जातो आणि ॲप मनानेच अंतर भरून काढतं.

मुंबईला जाताना २२ आणि येताना १८. डिस्प्लेत बिघाड आहे का?

बिघाड नाही, सह्याद्री आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, मुंबई समुद्रावर. माणसं आणि सामान धरून दोन हजार किलोची गाडी ६०० मीटर वर उचलायला सव्वातीन युनिटं ऊर्जा लागते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.९ युनिटं असतात, त्यातली चांगलं हायब्रिड इंजिन तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे परतीच्या वाटेवर निव्वळ चढाईला एक लिटरच्या आसपास जादा. १७० किलोमीटरला एरवी साडेआठ लिटर लागत असतील तर येताना साडेनऊ. भागून बघा, १८ च्या जवळ येतं. जाताना तोच एक लिटर पुरता परत मिळत नाही, पण बराचसा मिळतो.

म्हणून ‘मुंबईला जाताना २५ दिलं’ असं कोणी सांगितलं तर येतानाचं विचारावं. समृद्धीने गेलात तर उंची तीच, पण वेग वेगळा. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यापासून इकडची मंडळी १२० ने जायला लागली आणि ॲव्हरेजच्या तक्रारी वाढल्या. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० च्या जागी १२० म्हणजे सव्वादोन पट. हायब्रिडची सगळी करामत ब्रेक आणि संथ वाहतुकीत असते, सलग १२० वर ती जवळपास साधी पेट्रोल गाडी होते. उलट द्वारका सर्कलच्या कोंडीत आणि सिंहस्थासाठी खोदून ठेवलेल्या रस्त्यांवर तिचं ॲव्हरेज सुधारतं. शेजारच्या डिझेलवाल्याला हे पटत नाही.

कसारा घाट उतरताना ॲव्हरेज सरसर वाढतं, मग मध्येच इंजिन घोंघावतं. तेव्हा पेट्रोल जळतं का?

बहुतेक वेळा नाही, आणि हा प्रसंग बघण्यासारखा असतो. इगतपुरी सोडून उतार लागला की ॲक्सिलरेटरवरचा पाय निघतो, मोटर जनरेटर होते, बॅटरीच्या काड्या एकेक करत वर चढतात. घाटाची उतरण तीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे दोन हजार किलोच्या गाडीची दीड युनिटाच्या वर ऊर्जा. पाऊण युनिटाची बॅटरी, तीही निम्मी भरलेलीच असते, त्यामुळे अर्ध्या घाटातच ‘पुरे’ म्हणते. आता वीज ठेवायला जागा नाही, म्हणून गाडी इंजिनाला चाकाने फिरवून त्यावर ब्रेकचं काम घेते. आवाज मोठा येतो, पण इंजेक्टर बंद असतात. डिस्प्लेवर त्या क्षणाचं ॲव्हरेज टोकाला असतं आणि ते खरं असतं.

प्लग-इनमध्ये पंधरा-वीस युनिटांची बॅटरी असते, घाटाची सगळी वीज तिच्यात आरामात मावते. अट एकच: घरून १०० टक्के चार्ज करून निघून इगतपुरीपर्यंत ‘बॅटरी राखा’ मोडवर आला नसाल तर. भरलेल्या बॅटरीने घाट उतरणं म्हणजे फुकटची वीज हवेत सोडणं. शहरातून निघताना बॅटरी वापरा, घाटाआधी तिच्यात थोडी जागा असू द्या.

हायवेवर ‘चार्ज’ मोड लावला की दुसऱ्या दिवशी शहरात भन्नाट ॲव्हरेज दिसतं. हा फायदाच ना?

नाही, ही उधारी आहे. इंजिनाने जास्त पेट्रोल जाळून बॅटरी भरली, ते पेट्रोल कालच्या ट्रिपच्या नावावर पडलं. आज त्या विजेवर गंगापूर रोडच्या चकरा झाल्या आणि आजची ट्रिप फुकट दिसते. पेट्रोलची वीज करून पुन्हा चाकाला देताना दोन्ही टप्प्यांवर गळती होते, त्यामुळे एकूण हिशोबात बहुधा तोटाच. प्लग-इनची कुठलीही एकटी ट्रिप म्हणूनच फसवी. सुरुवातीला आणि शेवटी बॅटरी किती टक्के होती हे माहीत नसेल तर त्या ट्रिपच्या ॲव्हरेजवर बोलू नये.

एका ट्रिपला २०, दुसऱ्या तेवढ्याच अंतराला १०. सरासरी १५ ना?

१३.३. दोन्ही ट्रिपा शंभर-शंभर किलोमीटरच्या धरा: पाच लिटर आणि दहा लिटर, २०० भागिले १५. ॲव्हरेजांची बेरीज करून दोनाने भागायचं नसतं, अंतरांची बेरीज आणि लिटरांची बेरीज करायची. गाडीचा कॉम्प्युटर इथे चुकत नाही, आपण चुकतो.

डिस्प्ले म्हणतो १२ युनिटं वापरली, पार्किंगमधला सब-मीटर १३.५ दाखवतो. कोणाचं खरं?

दोघांचंही. गाडी बॅटरीतून बाहेर पडलेली वीज मोजते, मीटर भिंतीतून गेलेली. मध्ये एसीचं डीसी करणारा ऑनबोर्ड चार्जर गरम होतो, बॅटरी थोडी गरम होते, गाडीचे कॉम्प्युटर आणि पंप जागे राहतात. दहा ते पंधरा टक्के यात जातात. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर हळूहळू चार्ज केलं तर जागरणाचा हा खर्च जास्त तास चालतो, म्हणून टक्का वर जातो. महावितरणचं बिल भिंतीवरच्या आकड्यावर येतं, तेव्हा हिशोबाला तोच घ्या. सोसायटीत राहत असाल तर सब-मीटर असाही लागतोच. नाहीतर सर्वसाधारण सभेत तुमच्या गाडीवर चर्चा होते.

आणखी एक. उभ्या गाडीत एसी लावून बसलात तर युनिटं जातात आणि किलोमीटर होत नाहीत. एप्रिलमध्ये शाळेबाहेर वाट बघणाऱ्या पालकांचे आकडे म्हणूनच बिघडतात.

‘ईव्हीवर ६० टक्के’ असं दिसतं. म्हणजे ६० टक्के पेट्रोल वाचलं?

आधी बघा ते ६० टक्के वेळेचे की अंतराचे. टोयोटाने हायराइडरच्या वेळी स्वतःच दोन आकडे दिले होते: वेळेच्या ६० टक्के आणि अंतराच्या ४० टक्के इंजिनाशिवाय. मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभं असतानाही इंजिन बंदच असतं, तो वेळ त्यात येतो. आणि स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिनाशिवायचं ते अंतरही शेवटी पेट्रोलमधूनच आलेलं. बघायला छान आकडा आहे, हिशोबाला निरुपयोगी.

ई-२० आल्यापासून ॲव्हरेज पडलं. डिस्प्ले हे दाखवतो का?

दाखवायला हवं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात मूळ बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवून ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्यांना १ ते २ टक्के घट धरली आहे. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ झालं की इंजेक्टर जास्त वेळ उघडायला लावतो आणि इंजेक्टरची वेळ मोजणारा डिस्प्ले ती वाढ पकडतो. म्हणजे इथे घसरलेला आकडा ही डिस्प्लेची चूक नसून त्याचा प्रामाणिकपणा आहे.

ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायच्या सॉकेटला, ब्लूटूथ डोंगल लावला तर जास्त अचूक आकडा मिळेल का?

स्वस्तातल्या डोंगलचा भरवसा त्याहून कमी. मोबाइलमधली बरीच ॲपं पेट्रोल मोजत नाहीत. इंजिनात किती हवा गेली ते वाचतात आणि त्याला १४.७ ने भागतात, कारण एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे पुस्तकी प्रमाण. ई-२० चं प्रमाण साडेतेराच्या आसपास आहे. तिथेच सात-आठ टक्के पेट्रोल कमी मोजलं गेलं आणि ॲव्हरेज गोड झालं. ॲपमध्ये इंधनाचा प्रकार बदलता येत असेल तर बदला. डोंगलचा खरा उपयोग प्लग-इनवाल्यांना, बॅटरीचा नेमका टक्का बघण्यासाठी.

कंपनीने जाहिरातीत २७.९७ सांगितलं होतं. डिस्प्ले १९ च्या वर जात नाही. फसवणूक?

जाहिरातीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: केंद्रीय मोटार वाहन नियम ११५ नुसार चाचणी संस्थेने प्रमाणित. ही चाचणी रोलरवर होते, आतापर्यंतच्या भारतीय चक्रात वेग ९० च्या वर जात नाही आणि सरासरी वेग शहरी आहे. हायब्रिडला हे वातावरण माहेरासारखं. तुमच्या मोहदरी घाटाचा, चार माणसांचा आणि मे महिन्यातल्या एसीचा त्यात समावेश नाही. गाड्यांची आपसात तुलना करायला तो आकडा ठीक. मात्र डिस्प्लेची चूक शोधायची तर तुलना वहीशी करायची, जाहिरातीशी नाही.

प्लग-इनच्या अधिकृत आकड्यांची गोष्ट याहून निराळी. युरोपात पूर्वीच्या नियमात सूत्रच असं होतं की गाडी बॅटरीवर जाईल तेवढं जाईल, मग फक्त २५ किलोमीटर इंजिनावर, मग पुन्हा चार्ज. ५० किलोमीटर बॅटरीवर जाणारी आणि एरवी १४ देणारी गाडी या सूत्राने कागदावर ४२ ची होते. नंतर नियम बदलले, तरी लोक प्लग लावतात हे गृहीतक राहिलंच. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने गाड्यांमधल्या नोंदींवरून अहवाल काढला, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन अधिकृत आकड्याच्या साडेतीन पट निघालं. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हाच फरक वीस टक्क्यांच्या आसपास होता. कारण तांत्रिक कमी आणि मानवी जास्त: कंपनीच्या पैशाने पेट्रोल भरणारे लोक केबल पिशवीतून काढतच नाहीत. आपल्याकडे कंपनीची गाडी आणि कंपनीचं फ्युएल कार्ड असलेल्यांनी स्वतःची केबल कुठे आहे ते आठवून बघावं.

‘अजून ६२० किलोमीटर जाईल’ हा आकडा कितपत धरावा?

तो मागच्या काही किलोमीटरांवरून बांधलेला अंदाज आहे. मुंबईहून घाट चढून आल्याबरोबर तो निराश असतो, दोन दिवस शहरात फिरलात की पुन्हा आनंदी. प्लग-इनमध्ये बॅटरीचा अंदाज आणि पेट्रोलचा अंदाज वेगवेगळे बघा, बेरीज केलेला आकडा कामाचा नाही. बॅटरी शून्य दाखवली तरी आत राखीव साठा असतो, त्यावर गाडी साध्या हायब्रिडसारखी चालते.

फरक दहा टक्क्यांच्या वर आहे. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात ‘सगळ्यांचं असंच असतं’. काय करू?

पाच भरण्यांची बेरीज, ओडोमीटरचे फोटो आणि पंपाच्या पावत्या घेऊन जा. तोंडी तक्रारीला ‘ड्रायव्हिंग स्टाइल’ हे ठरलेलं उत्तर मिळतं, कागदाला मिळत नाही. जाण्याआधी टायरमधली हवा थंड असताना तपासा आणि टायरचा साइज कागदपत्रांशी जुळतो का बघा. तिथे इंधनाच्या दाबाचं रीडिंग, इंजेक्टर, ब्रेक घासत नाहीत ना, आणि सॉफ्टवेअरचं अपडेट, एवढं लेखी जॉब कार्डवर घ्या. काही युरोपीय गाड्यांत डिस्प्लेचा गुणक बदलायची सोय असते. तो बदलला की आकडा जुळतो, पेट्रोल तेवढंच जळतं, तेव्हा आधी यंत्र तपासून मगच त्याला हात लावू द्या.

जुनी प्लग-इन घेतोय. मालक ‘आयुष्यभराचं ॲव्हरेज’ दाखवतोय, ३१. चांगलं आहे का?

त्या ३१ वरून गाडीबद्दल फार कळत नाही, मालकाबद्दल कळतं: तो बऱ्यापैकी नियमाने चार्ज करत होता. तुम्ही इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि खाली प्लग नसेल तर तुमचा आकडा १४ च्या बाजूला जाईल. त्यापेक्षा ट्रायलला दोन गोष्टी करा. बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा आणि पाथर्डी फाट्यापासून त्र्यंबकेश्वर रस्त्याला लागून इंजिन सुरू होईपर्यंत किती किलोमीटर जाते ते मोजा. परत येताना बॅटरी संपलेली असेल, तेव्हा ट्रिप मीटर झीरो करा आणि निव्वळ पेट्रोलवर किती देते ते बघा. त्र्यंबककडून नाशिककडे रस्ता थोडा उताराचा आहे, तेवढी सूट धरा. मालकाकडे चार्जिंग केबल मूळची आहे का तेही विचारा. ती नवी घ्यायची झाली तर ॲव्हरेजमधून वाचलेले कित्येक महिन्यांचे पैसे त्यातच जातात.